सातवीला परदेशी भाषा कोणती घ्यावी? लेक जपानीवर अडून बसलीये

पेन्सिलवाली_आई:
लेक यंदा सातवीत जातेय. शाळेने फॉर्म दिलाय, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी यातली एक निवडायची आणि मग पुढची तीन वर्षं तीच, मधे बदलता येत नाही. तिला जपानी हवीये, कारण अ‍ॅनिमे (जपानी कार्टून), दुसरं काही नाही. तिचा बाबा म्हणतो फ्रेंच घे, मार्क पडतात. मला यातल्या एकाही भाषेतलं ओ की ठो कळत नाही त्यामुळे मी नुसती मधे लटकलेय. विषयाचं नाव "जागतिक भाषा आणि संस्कृती" असं आहे, तर त्यात संस्कृती म्हणजे नक्की काय शिकवतात, की झेंडे रंगवले की झालं? आणि बारा वर्षं म्हणजे उशीर झाला का, जो तो म्हणतो लहानपणीच शिकायला हवी.

देर_दी_दास:
उशीरबिशीर काही नाही हो. उच्चार लहान पोरं जास्त चांगले पकडतात हे खरंय, पण नेदरलँड्समधे राहायला गेलेल्या इंग्रजी बोलणाऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, १९७८ साली छापून आला, त्यात पहिल्या काही महिन्यांत डच भाषा भराभर उचलली ती १२ ते १५ वर्षांच्या मुलांनी आणि मोठ्या माणसांनी, तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यात मागे होती. वर्गात मलाही तेच दिसतं, या वयाला नियम सांगितला की तो लावता येतो.

मी जर्मन शिकवते, तेव्हा माझं मत एकतर्फी धरा. पण मराठी मुलांना जर्मनची तीन लिंगं ऐकून धक्का बसत नाही, तो-ती-ते घरचंच आहे. "मेडशेन" म्हणजे मुलगी आणि शब्द नपुंसकलिंगी, यावर दरवर्षी वर्ग खिदळतो, मग मी विचारते "पोरगं"चं लिंग कोणतं, की सगळे गप्प. घोळ पुढे होतो, कारण लिंगं जुळत नाहीत, सूर्य तिथे स्त्रीलिंगी, चंद्र मात्र आपल्यासारखाच पुल्लिंगी. प्रत्येक नाम देर-दी-दाससकटच (नामाआधी येणारे, लिंग दाखवणारे शब्द) पाठ करावं लागतं, त्याला शॉर्टकट नाही.

कांजीने_छळलंय:
घेऊ द्या जपानी, पण तिला आधीच सांगून ठेवा पुढे काय वाढून ठेवलंय ते. आधी उच्चाराप्रमाणे लिहायच्या दोन लिप्या, हिरागानाची अक्षरं ४६, काताकानाची ४६, ते दीड-दोन महिन्यांत होतं आणि तेवढे दिवस पोरं हवेत असतात. मग कांजी येते, म्हणजे चिनीतून घेतलेली, अर्थ दाखवणारी अक्षरं. तिथल्या सरकारची रोजच्या वापराची यादीच २१३६ अक्षरांची आहे, आणि बऱ्याच अक्षरांना दोन-दोन तीन-तीन उच्चार. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची ट्रेनिंग संस्था फ्रेंच-स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास धरते आणि जपानीला २२००. पण तो हिशोब इंग्रजीवाल्यांचा, आपल्याला वाक्यरचना फुकटात मिळते. "तोक्यो नि इकिमास" म्हणजे "तोक्योला जातो", "ला"च्या जागी "नि" आणि क्रियापद शेवटी, वेगळं काही शिकावंच लागत नाही.

संस्कृतीचं म्हणाल तर मी पहिल्याच महिन्यात आमच्या बाईंना "आनाता" म्हणालो, डिक्शनरीत "तुम्ही" असा अर्थ होता म्हणून. बाई हसल्या, मग म्हणाल्या शिक्षकाला सेन्सेई म्हणायचं, समोरच्याला सर्वनामाने हाक मारणं शक्यतो टाळायचं. एवढ्या एका गोष्टीत मला जे कळलं ते पोस्टरं चिकटवून कधी कळलं नसतं. आणि हो, अ‍ॅनिमेतलं "ओमाए" (म्हणजे "तू") वर्गात नको, ते आपल्या अरे-तुरेपेक्षाही उद्धट लागतं!!

चार_वीस_दहा_सात:
फ्रेंच मार्कांसाठी घेतलेला माणूस बोलतोय. मार्क पडले, भाषा आली नाही. मी तीन वर्षं क्रियापदांचे तक्ते घोकले आणि आज ९७ म्हणायला सांगितलं तर अजून मनात गणित करतो, चार वीस, वर दहा, वर सात, (माझं नाव बघा). आमची संस्कृती म्हणजे आयफेल टॉवरचं चित्र, संपलं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधे नव्वदला सरळ "नोनांत" म्हणतात, सेनेगलची अधिकृत भाषा फ्रेंच आहे, हे मला शाळा सुटल्यावर कळलं, तेही असंच कुठेतरी वाचताना. बाबांना म्हणावं शाळेत जाऊन एकच विचारा, तासाला मुलं किती वेळ बोलतात आणि मास्तर किती वेळ, त्यावरून भाषा ठरवा.

उलटं_प्रश्नचिन्ह:
स्पॅनिशचं कुणी नावच घेईना 😀 वीस देशांत अधिकृत आहे, आणि एकदा अक्षरांचे उच्चार बसले की लिहिलेलं जवळपास तसंच वाचायचं. प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाही येतं, उलटं, त्यावर पोरं जाम खूश असतात.

पेन्सिलवाली_आई:
सगळ्यांना थँक्यू. लेकीला "ओमाए"चं विचारलं तर लाजली, म्हणजे घरी वापरून झालेलं दिसतंय माझ्यावर, मला कळलं नाही एवढंच. २१३६चा आकडा दाखवला, म्हणाली "एकदम थोडीच येणार आहेत". बाबा अजून फ्रेंचवरच आहे पण शाळेत तास बघायला जायला तयार झालाय, फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. समजा जपानीच ठरली तर सुट्टीत काय सुरू करू, हिरागाना की काताकाना?

कांजीने_छळलंय:
हिरागाना. रोज पाच, हाताने वहीत. उच्चार रोमन लिपीत लिहू देऊ नका, पहिला आठवडा देवनागरीत लिहिले तरी चालतील, नंतर तेही बंद. आणि "त्सु" शिकली की मला सांगा, तिथे सगळे अडकतात.