पहिली नोकरी: ऑफर हातात आहे, पगार वाढवून मागू का?

नवखी_फर्मवेअर

नमस्कार. यंदा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग पूर्ण झालं. मोटर कंट्रोलर बनवणाऱ्या एका कंपनीत फर्मवेअरच्या (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहिण्याच्या) जागेसाठी निवड झाली आणि ऑफर लेटर मेलवर आलं. सही करून पाठवायला आठवड्याची मुदत आहे.

काम मला मनापासून हवं आहे. आकडा मात्र वाटला होता त्यापेक्षा कमी आहे. एकूण पॅकेज १०० धरलं तर पक्का पगार ७८, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) १२ आणि जॉइनिंग बोनस १० असं आहे. इंटरव्ह्यूमध्ये एचआरने अपेक्षा विचारली होती, मी आकडा सांगितला नव्हता. दुसऱ्या एका कंपनीत शेवटची फेरी झाली आहे, निकाल अजून नाही.

घरचे म्हणतात, पहिलीच नोकरी आहे, फार ताणू नकोस. मैत्रीण म्हणते, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. माझे प्रश्न: मागितलं तर ऑफर काढून घेतात का? मागायचं तर किती? आणि दुसरी ऑफर आली आहे असं आत्ताच सांगितलं तर चालेल का?

मला अरेतुरे केलंत तरी चालेल.

मागची_बॅच

माझी निवड कॉलेजमधूनच झाली होती. आम्हा सगळ्यांना एकाच साच्यातलं पत्र होतं. मी विचारून पाहिलं. ग्रेड ठरलेली आहे, आकडा बदलणार नाही असं सरळ उत्तर आलं. पण विचारलं म्हणून मला हवी ती टीम मिळाली आणि रुजू व्हायची तारीख पुढे गेली. तुझी निवड एका ठरावीक जागेसाठी झाली आहे, त्यामुळे तुला माझ्यापेक्षा जास्त वाव असेल असं वाटतं.

सोल्डरिंग_ताई

मी फर्मवेअरची टीम चालवते. टीममध्ये येणाऱ्या नव्या मुलामुलींचा आकडा ठरवताना एचआर माझ्याशी बोलतं, त्यामुळे कंपनीच्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगते.

आधी भीतीचं. एकदा, नीट शब्दांत, लेखी विचारलं म्हणून ऑफर मागे घेतलेली मी तरी पाहिलेली नाही. एका जागेसाठी ढीगभर अर्ज चाळावे लागतात, टीममधल्या अनुभवी लोकांचे कितीतरी तास इंटरव्ह्यूत जातात. 'हीच हवी' असं ठरल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कुणालाच नको असते. ऑफर मोडते ती दुसऱ्याच कारणांनी. मुदत उलटते आणि उमेदवाराचा पत्ता नसतो. किंवा एकदा आकडा मान्य केल्यावर तो पुन्हा नवा आकडा घेऊन येतो. किंवा हातात नसलेली ऑफर आहे म्हणून सांगतो. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: सांगू नकोस. एचआर 'ते पत्र पाठवा' एवढंच म्हणेल, मग काय पाठवशील? शेवटची फेरी झाली आहे हे खरं आहे, तेवढं सांगायला हरकत नाही.

आता किती मागायचं. फ्रेशरचा पक्का पगार एका बँडमध्ये, म्हणजे किमान-कमाल मर्यादेत, बसवलेला असतो आणि तो बँड अरुंद असतो. तुझ्याबरोबर आणखी दोघंतिघं येणार असतात. गेल्या वर्षी आलेले वर्षभर राबून जेमतेम थोडे पुढे सरकलेले असतात. तुला त्यांच्या पुढे बसवलं तर त्यांना काय उत्तर द्यायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न असतो. 'बजेट नाही' या उत्तरामागे पुष्कळदा हेच दडलेलं असतं. म्हणून ७८ चे १०० मागून काही होणार नाही. ८४ माग. हे साधारण पावणेआठ टक्के झाले. एवढ्यासाठी मी वर जाऊन भांडू शकते.

जॉइनिंग बोनस वाढवून घेणं कंपनीला सोपं जातं, कारण तो एकदाच जातो आणि पुढच्या वर्षी कुणाशी तुलना होत नाही. तरीही तू आधी पक्क्या आकड्यासाठीच विचार. पुढची प्रत्येक वाढ टक्क्यांत मिळते आणि ती याच आकड्यावर चढते. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांनी ७८ चे साधारण ११४.६ होतात आणि ८४ चे १२३.४. आजचा ६ चा फरक तोवर ९ च्या जवळ गेलेला असतो. पक्क्यात नाहीच जमलं, तर मग बोनस.

कारण मात्र कामाचं दे. शिक्षणाचं कर्ज, घरभाडं, मित्राला मिळालेला पगार ही कारणं कितीही खरी असली तरी ती घेऊन मला वर जाता येत नाही. इंटर्नशिपमध्ये किंवा प्रोजेक्टमध्ये कॅन बसवरून (यंत्रातले भाग एकमेकांशी बोलतात त्या तारांवरून) चालणारा बूटलोडर, म्हणजे नवं फर्मवेअर चढवणारा प्रोग्राम, लिहिला असशील, ऑसिलोस्कोप लावून टायमिंगचा दोष शोधला असशील, तर ते लिही. त्याचा माझ्यासाठीचा अर्थ एवढाच की ही मुलगी लवकर कामाला लागेल, आणि हे वाक्य मी माझ्या मेलमध्ये जसंच्या तसं वापरू शकते.

फ्रेशर सहसा विचारत नाहीत आणि मला फार महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे पहिली पगारवाढ कधी. बऱ्याच कंपन्यांत ठरावीक तारखेनंतर रुजू झालेल्यांना त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये धरत नाहीत. अशा ठिकाणी दोन आठवडे उशिरा रुजू झालीस तर वाढ आख्खं वर्ष लांबू शकते. ती तारीख विचारून घे. 'प्रोबेशन संपताना पगाराचा पुन्हा विचार करू' असं कुणी फोनवर म्हणालं तर ते मेलवर लिहून माग. मॅनेजर बदलतात, आणि नव्या मॅनेजरला जुन्याचा शब्द ठाऊक नसतो.

हिशेबी

ताईंच्या बोलण्याला जोड: पत्र पुन्हा वाच. जॉइनिंग बोनस अनेकदा परतीच्या अटीवर असतो, वर्षाच्या आत सोडलंस तर परत द्यायचा. कर कापून हातात आलेली रक्कम परत करायची की कापण्याआधीची पूर्ण, हे विचार. व्हेरिएबलचे १२ हे उद्दिष्ट गाठल्यावर मिळणारे आहेत की जास्तीत जास्त मिळू शकणारे, हेही बघ. दोन्हीत फार अंतर असतं. बॉन्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, आहे का? नोटीस पिरियड किती? शेअर देणार असतील तर साधारण पद्धत चार वर्षांची असते आणि पहिलं वर्ष भरण्याआधी सोडलं तर एकही शेअर हाती लागत नाही.

अभ्यासू_वाचक

मैत्रिणीच्या मताला आधार आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात लिंडा बॅबकॉक यांनी नुकतीच पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांचा अभ्यास केला, त्यात पहिला पगार वाढवून मागणारे पुरुष ५७ टक्के होते आणि स्त्रिया फक्त ७ टक्के. पुरुषांचा सुरुवातीचा पगार सरासरी ७.६ टक्क्यांनी जास्त निघाला. पण घरच्यांची काळजीही अगदीच निराधार नाही. त्यांच्याच सहभागाने झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पगारासाठी बोलणी करणाऱ्या स्त्रीबद्दल लोकांचं मत पुरुषापेक्षा जास्त बिघडलेलं दिसलं. हे अन्यायाचं आहे आणि मला त्याचा राग येतो.

नवखी_फर्मवेअर

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र पुन्हा वाचलं. बोनसला वर्षाची परतीची अट खरंच आहे, बॉन्ड नाही. हा मसुदा केला आहे, बघाल का?

'ऑफरबद्दल आभारी आहे. मला या टीममध्ये काम करण्याची खूप इच्छा आहे. जमत असेल तर पगारात थोडीफार वाढ करता येईल का, हे कृपया पाहावं. नाही झाली तरी माझी काही हरकत नाही. इंटर्नशिपमध्ये मी कॅन बूटलोडर आणि मोटरच्या करंट लूपवर काम केलं आहे.'

सोल्डरिंग_ताई

पहिली दोन वाक्यं छान आहेत, ठेव. 'नाही झाली तरी हरकत नाही' काढ, ते वाचून एचआर तिथेच फाइल बंद करेल. 'थोडीफार' काढ आणि आकडा लिही. करंट लूपचं, म्हणजे मोटरमधला विद्युतप्रवाह ताब्यात ठेवण्याचं, काम शेवटी ढकललं आहेस, ते वर आण. मोटर कंट्रोलरच्या कंपनीत त्याला सगळ्यात जास्त किंमत आहे. असं कर:

'ऑफरबद्दल आभारी आहे. मला या टीममध्ये काम करण्याची खूप इच्छा आहे. इंटर्नशिपमध्ये मी मोटरच्या करंट लूपवर आणि कॅन बूटलोडरवर काम केलं आहे, त्यामुळे तुमच्या कामात लवकर हातभार लावू शकेन. हे पाहता पक्का पगार ८४ करता येईल का? तसं झालं तर मी लगेच सही करून पाठवते. पहिलं अप्रेझल कधी असेल तेही कृपया कळवावं.'

८४ च्या जागी अर्थातच तुझा खरा आकडा. 'लगेच सही करते' हे मनात पक्कं असेल तरच लिही, कारण त्यांनी हो म्हटल्यावर दुसऱ्या कंपनीकडे जाता येणार नाही. म्हणून हा मेल पाठवायच्या आधी त्या कंपनीला लिही: हातात ऑफर आहे, उत्तराची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे, निकाल त्याआधी कळेल का. आणि इथे मुदत वाढवून मागायची वेळ आलीच तर आत्ताच माग, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नकोस.

नवखी_फर्मवेअर

दुसऱ्या कंपनीला मेल केला, ताई. उद्या दुपारपर्यंत कळवतो म्हणाले. त्यानंतर हा पाठवते.