फोटोवर वॉटरमार्क: कुठे, किती गडद?

पक्ष्यांचे फोटो फेसबुकवर टाकायचे आहेत. कोपऱ्यातलं नाव लोक सरळ कापून टाकतात. मधोमध टाकलं तर फोटोची वाट लागते. लाइटरूम क्लासिक (फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) वापरतो. काय करावं?

झाडीपट्टी: कोपरा नको आणि मोकळं आभाळही नको, तिथलं नाव हीलिंग ब्रशने (डाग पुसायच्या साधनाने) क्षणात जातं. पिसं, गवत, फांद्या अशा पोताला अर्धवट छेदून जाईल असं ठेवा. नावाची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल घ्या (जेपीजीत पांढरा चौकोन दिसतो), अपारदर्शकता २५-३० टक्के. लाइटरूमच्या एडिट वॉटरमार्क्समध्ये ही मांडणी प्रीसेट म्हणून सेव्ह करा.

कॅमेरावाला: सगळ्या फोटोंवर अगदी एकसारखा ठसा (वॉटरमार्क) नको. असे बरेच फोटो एकत्र तपासून ठसा आपोआप पुसता येतो, हे गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्येच दाखवलंय. नुसती जागा बदलून भागत नाही, दर फोटोत ठसा किंचित वेगळा वाकवा. तरी एआयपुढे खात्री नाहीच. माझ्या मते खरी ढाल म्हणजे लहान आकार: लांब बाजू १२०० पिक्सेल, बस्स. त्यातून मोठ्या आकाराची छपाईलायक प्रत निघत नाही.

झाडीपट्टी: बरोबर. आणि मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली) कुणालाच देऊ नका, मालकीचा वाद झाला तर तीच पुरावा. मेटाडेटात (फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) नाव भराच, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते गळतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.