जमिनीत जस्त-लोह कमी असेल तर हरभऱ्याच्या दाण्यातही कमी उतरतं का?

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमची साडेचार एकर काळी, चुनखडीची जमीन. खरिपात सोयाबीन, त्याच रानात रब्बीला हरभरा. यंदा माती परीक्षणाचा कागद आला: सामू (पीएच) ८.३, जस्त ०.४, लोह ३.६, गंधक ८. तिन्हींपुढे 'कमी'. एकरी सात-आठ क्विंटल होतो, म्हणून आजवर मी या कागदाकडे नीट बघितलंच नव्हतं.

बघावं लागलं ते सुनेमुळे. तिला पाचवा महिना लागलाय, हिमोग्लोबिन ८.९ निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि डाळी-उसळी खा म्हणाले. ती रोज खातेच की! घरचीच डाळ, घरच्याच बेसनाचं पिठलं. रात्री तिचा रिपोर्ट आणि मातीचा कागद शेजारी ठेवले आणि पोटात गोळा आला. रानातच लोह नाही, तर त्या रानाची डाळ बाळाला काय देणार?

एकरी डीएपी खताची एक बॅग पडते, दुसरं काही नाही. पेरणीला तीन आठवडे आहेत. काय टाकू म्हणजे दाण्यात उतरेल?

जुना माती तपासनीस:
ताई, २६ वर्षं मी मातीचे नमुनेच तपासले. तुमच्या रानात लोह नाही असं नाही, चिक्कार आहे. चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. कागदावरचा आकडा फक्त उपलब्ध लोहाचा असतो. जस्त ०.६, लोह ४.५ आणि गंधक १० पीपीएमच्या खाली गेलं की कमतरता धरतात.

जस्ताचं उत्तर सरळ आहे: मातीत कमी तर दाण्यातही कमी, आणि दिलं तर वाढतं. २१ टक्क्यांचं झिंक सल्फेट एकरी ८ ते १० किलो, शेणखतात मिसळून पेरणीआधी द्या. डीएपीत कालवू नका, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जस्ताला धरून बसतं. शिवाय फुलोऱ्यात आणि घाटे भरताना एकेक फवारणी: १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी. दाण्यातलं जस्त वाढवायला ही उशिराची फवारणी फार कामाची.

लोहाचं तसं होत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलात तर चुनखडीत लगेच अडकतं. फवारलं तर पिवळी पानं हिरवी होतात, पण पानातलं लोह दाण्याकडे फारसं सरकत नाही. त्यावर फार आशा ठेवू नका.

डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट अडीच बॅग आणि युरिया वीसेक किलो टाका. स्फुरद जवळपास तेवढंच मिळेल, वर १३-१४ किलो गंधक. डाळीच्या प्रथिनात मेथिओनिन नावाचं जे अमिनो आम्ल आधीच कमी असतं, ते बनायला गंधकच लागतं.

बदनापूरकर:
साहेबांचं पटलं, पण मुळांवरच्या गाठी विसरू नका, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. सोयाबीनचं उरलेलं रायझोबियम (गाठी करणारं जिवाणूखत) मी एका वर्षी हरभऱ्याच्या बियाण्याला चोळलं. चाळीस दिवसांनी झाड उपटलं तर मोजून चार गाठी, त्याही आतून पांढऱ्या. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा असतो. पुढच्या वर्षी बरोबर पाकीट आणलं, गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी. तो रंग लोह असलेल्या द्रव्याचा. ते नसलं तर नत्र बांधलं जात नाही, आणि नत्राशिवाय प्रथिन कुठून येणार?

आमची आजी पहाटे हरभऱ्यावर धडपा (कापड) फिरवून आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, गोळा करायची. तशीच आम्लं हा हरभरा मुळातूनही सोडतो आणि चुन्यात अडकलेलं स्फुरद सोडवून घेतो. म्हणून तर तो आपल्या रानात तग धरतो.

आहार सल्ला, सोलापूर:
तेरणाकाठ ताई, रानाचं सगळं करा, पण सूनबाईंना त्या डाळीची वाट बघायला लावू नका. हरभरा काढणीला येईतो बाळंतपण जवळ आलेलं असेल. ८.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, त्याला डॉक्टरांच्या गोळ्याच हव्यात, एकही चुकवू नका.

डाळीत लोह असतं, पण फायटेट नावाचं द्रव्य ते पोटात अडवतं. जस्ताचंही तेच. हरभरा, मटकी रात्रभर भिजवा, मोड आणा. फायटेट कमी होतं. उसळीवर लिंबू पिळायचंच. आणि जेवणावर लगेच चहा नको. आपल्याकडे इथेच सगळं वाया जातं.

तेरणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. सूनबाई जेवल्या जेवल्या चहा घेते, आणि तो मीच करून देते. आजपासून बंद, दुपारी चारला देईन. झिंक आणि सुपरचं मालकांशी बोलले, ते तयार आहेत. बांधाकडची चार तासं (ओळी) झिंकची फवारणी न करता ठेवते. दोन्हींचा हरभरा वेगळा काढून दाण्यातलं जस्त तपासून घ्यायचंय. त्यासाठी नमुना किती लागतो आणि कसा सुकवायचा, साहेब?

जुना माती तपासनीस:
पाव किलो पुरे. पत्र्यावर वाळवू नका, जस्ताचा मुलामा असतो त्याला. स्वच्छ सुती कापडावर सावलीत सुकवा.