मदत हवी आहे: १९७० च्या दशकातला इटालियन मॉड्युलर सोफा, आतला फोम बदलून घ्यावा का?

मंडळी, एका वापरलेल्या सोफ्याबद्दल सल्ला हवा आहे. इटालियन डिझायनर मारिओ बेलिनीचा कामालेओंदा, पहिल्या उत्पादनातला. चार बैठका, तीन पाठी, एक हात असा संच विकायला आहे, चामड्याच्या कव्हरसकट. बाहेरून देखणा आहे. आतल्या फोमची मात्र खात्री वाटत नाही.

हाच का, ते आधी सांगते. एल आकाराचा सोफा एकदा घेतला की त्याचा एल कायमचा. खोली बदलली, दार दुसऱ्या बाजूला आलं, की तो अडायला लागतो. कामालेओंदात ९० बाय ९० सेंटीमीटरची चौकोनी बैठक हा मूळ तुकडा. पाठ आणि हात सुटे असतात आणि तारा, हुक, कड्या यांनी बैठकीला अडकवायचे. पाठ काढली की दिवाण झाला. चार बैठका चौकात लावल्या की मुलांना लोळायला अख्खं मैदान. माणसं वाढली, कमी झाली, तरी सामान तेच राहतं. 'लक्झरी' म्हणतात ती मला यात दिसते, चामड्यात तेवढी नाही. सेकंड हँड घ्यायला मन धजतं तेही यामुळेच: संच अपुरा असला तरी निरुपयोगी नसतो, पुढेमागे एखादी बैठक मिळाली तर जोडता येते.

आणि त्याचं रूप! लांबून नुसत्या फुगलेल्या उशा वाटतात. जवळ गेलं की कळतं, कव्हर ठरावीक जागी आत खेचून धरलंय आणि मधला भाग त्या ताणामुळे वर आलाय. हे लाकडी सांगाडा आणि स्प्रिंगांच्या जुन्या पद्धतीने जमलं नसतं. चेझारे कासिना आणि पिएरो बुझनेल्ली यांनी १९६६ मध्ये सी अँड बी इतालिया काढली (१९७३ पासून बी अँड बी) ती साच्यात घडवलेल्या पॉलियुरेथेन फोमवर भर देऊनच. त्याच कंपनीचा कामालेओंदा १९७० चा. म्हणजे ज्या फोममुळे हा सोफा जन्माला आला, पन्नास वर्षांनी नेमका तोच आधी संपतो. माझी अडचण हीच आहे.

बैठक तळव्याने दाबली तर खड्डा हळूहळू भरतो, पूर्ण भरतच नाही. एका पाठीच्या शिवणीतून पिवळसर भुकटी गळते. विकणारे म्हणतात, वापरात नव्हता म्हणून, बसायला लागलात की ठीक होईल. मला पटत नाही.

तर विचारायचं ते असं:

फोम पूर्ण बदलला तर बेलिनीचा तो आकार टिकतो का, की ओळखीचं कव्हर घातलेला कुठलाही सोफा होऊन बसतो? २०२० मध्ये कंपनीने हा पुन्हा बाजारात आणला, त्यातला वापरलेला शोधणं जास्त शहाणपणाचं का? आणि फोटोवरून अस्सल-नक्कल ओळखायला नेमकं काय मागवावं? ज्यांनी अशी जुनी बैठक स्वतः भरून घेतली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

भुकटी गळतेय म्हणजे फोम गेला. बसून बसून तो परत येत नाही. पॉलियुरेथेनचे ढोबळ दोन प्रकार: पॉलिएस्टरवाला दमट हवेने तुटतो, पॉलिइथरवाला उजेड आणि ऑक्सिजनने. दोन्हीत झालेली मोडतोड कायमची. भुकटी श्वासात जाऊ देऊ नका, कव्हर उघडाल तेव्हा मास्क लावाच.

आकार टिकतो, पण कारागिराने सपाट लादी कापून भरली तर नाही. आत घट्ट गाभा, वर मऊ थर, त्यावर वाडिंग (कापसासारखा मऊ थर), असं चढत्या मऊपणाने भरावं लागतं, नाहीतर खेचलेल्या जागा उथळ पडतात आणि चामड्याला सुरकुत्या येतात. जुना फोम ताबडतोब फेकू देऊ नका. आधी मधला उंचवटा आणि खळगा, दोन्हींची मापं घ्या. सगळ्या बैठका एकदम देऊ नका. एकच भरून घ्या, महिनाभर वापरा, मग बाकीच्या द्या.

मला फोमपेक्षा चामड्याची काळजी वाटते. सुकलेलं चामडं नवा फोम भरताना टाक्यांच्या रेषेत फाटतं. शिवणीजवळ बोटांनी हलकेच वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर कव्हरचाही खर्च धरून चाला.

नुसत्या लेबलवर जाऊ नका. ते मागाहून शिवता येतं, आणि अस्सल तुकड्याचं लेबल कव्हर बदलताना हरवूही शकतं. बैठकीची खालची बाजू, कड्यांचा जवळून फोटो, ९० चं माप टेप लावून, आणि पाठ जोडताना-काढतानाचा व्हिडिओ मागवा. संग्राहकाला मूळ फोम हवा असतो. तुम्हाला बसायचं आहे, तेव्हा बदललेला फोम हा कमीपणा मानू नका.

उघडून धुता येणारं कव्हर महत्त्वाचं असेल तर इटालियन डिझायनर चिनी बोएरी हिने आर्फ्लेक्स कंपनीसाठी केलेला 'स्ट्रिप्स' सोफा एकदा बघा. रजईसारखं कव्हर, चेनने निघतं. १९७९ चा कोंपासो दोरो हा इटालियन डिझाइन पुरस्कार त्याला आहे.

धागाकर्ती

खूप आभार, एकच बैठक आधी भरायची कल्पना फारच कामाची. स्ट्रिप्स बघितला, सुंदर आहे, पण पाठ काढून दिवाण करायचं मनातून जात नाही. विकणाऱ्यांनी खालच्या बाजूचे फोटो पाठवले: चामडं शिवणीपाशी मऊ आहे, माप बरोबर भरतंय, पण एका पाठीची कडी गायब. नव्या उत्पादनातली कडी जुन्या हुकात बसते का, की लोहाराकडून उरलेल्या कडीबरहुकूम घडवून घ्यावी? कुणी केलं असेल तर सांगा, हो म्हणण्याआधी एवढंच राहिलंय.