कॅज्युअल्टी म्हणजे सगळे मेलेलेच का? वहीतल्या रकान्याला मराठी शब्द हवाय

धागाकर्ता:
आम्ही तिघं मित्र शनिवारी रात्री 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' खेळतो. १ जानेवारी १९३६ पासून एखादा देश चालवायचा आणि त्याला दुसऱ्या महायुद्धातून पार न्यायचं, असा तो खेळ. यंदा मी फिनलंड घेतलाय. हिशेबाची वही ठेवायची मला खोड आहे आणि वही मराठीत असते. गाडी अडलीय दोन रकान्यांवर: मॅनपॉवर आणि कॅज्युअल्टीज. पहिल्याला 'मनुष्यबळ' लिहिलं की कंपनीतला एचआर डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्याला 'मृत' लिहिलं, तर मित्र म्हणाला, "सगळे मेले कुठे? फौजेला फील्ड हॉस्पिटलची तुकडी जोडलीयस ना, त्यातले काही परत येतात." येतात खरे. मग या आकड्याला म्हणायचं काय?

प्रूफवाला:
'मृत' अजिबात नको. या चुकीने छापील मराठीत फुकटचे मुडदे पडलेत. १ जुलै १९१६, पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईचा पहिला दिवस. ब्रिटिशांचा कॅज्युअल्टीचा आकडा ५७,४७०. त्यात ठार झालेले १९,२४०; बाकीचे जखमी, बेपत्ता आणि शत्रूच्या हाती लागलेले. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मजकुरात सरळ '५७ हजार ठार' होतं. अनुवादकाला फोन लावला, तर तोच मला विचारतो, कॅज्युअल्टीला दुसरा अर्थ आहे का?
'हताहत' हा शब्द आहे. हत अधिक आहत, म्हणजे मारले गेलेले आणि घायाळ झालेले. अर्थ चोख, पण मराठी कानाला तो हिंदी बातम्यांतला वाटतो, आणि कैदी-बेपत्ता त्यात बसत नाहीत. 'जीवितहानी'त तर जखमीसुद्धा बसत नाही.

दवाखानावाली:
आमच्याकडे कॅज्युअल्टी ही जागा आहे. "पेशंटला आधी कॅज्युअल्टीत घ्या." तिथे आलेला माणूस जिवंत असतो, निदान येताना तरी. तुमच्या खेळातल्या परतणाऱ्यांना 'बरे होऊन रुजू' लिहा की. आजारी रजा संपवून आलेल्याला आपण रुजूच म्हणतो.

सातारकर:
एकच शब्द शोधताय म्हणून अडलात. जुन्या मराठीत प्रत्येक प्रकाराला वेगळा शब्द आहे. मेला तो कामी आला. हातपाय गमावून लढण्याजोगा राहिला नाही तो जायबंदी (हा शब्द हल्ली क्रिकेटच्या बातम्यांनी जगवलाय). जिवंत शत्रूच्या हाती लागला तो पाडाव झाला. आज आपण पाडाव म्हणजे पराभव समजतो, पण माणसालाही तो शब्द लागायचा.
आणखी एक. तुमच्या खेळात प्रत्येक डिव्हिजनला, म्हणजे फौजेच्या मोठ्या तुकडीला, दोन पट्ट्या असतात ना? एक माणसं-सामानाची, दुसरी ऑर्गनायझेशनची, म्हणजे लढत राहण्याच्या दमाची. दुसरी रिकामी झाली की डिव्हिजन मागे हटते, माणसं बरीचशी शाबूत असली तरी. त्याला मराठीत 'मोड होणे' म्हणतात. फौजेचा मोड झाला म्हणजे फौज मेली असं नव्हे, ती फुटली. हे कॅज्युअल्टीत धरू नका.
आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. त्या युद्धाच्या स्मरणशिला आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत. या गावातून इतके लढाईला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, बस. दोनच आकडे. काठी टेकत परत आलेल्याला दगडावर रकाना नाही.

प्रूफवाला:
सातारकरांना धरून पुढे. १४ जानेवारी १७६१ नंतर पानिपताची खबर सांकेतिक भाषेत आली, ती आठवा: दोन मोती गळाली, मोहरा सत्तावीस हरवल्या, खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. अख्खी हानी सावकारी हिशेबात मांडलीय. त्यातलं क्रियापद उचला: गळणे. 'गळती'. कोण मेला, कोण जायबंदी, कोण पाडाव, काही बोलत नाही. हजेरीच्या पटावर होता, आता नाही. शाळागळती म्हणतो तेव्हाही मूल मेलेलं नसतं.

धागाकर्ता:
गळती! हेच हवं होतं.
पहिल्या रकान्याचंही मग 'पट' धरूनच सुचलं. खेळातली मॅनपॉवर म्हणजे उभी फौज नव्हे. अजून गावात नांगर धरून असलेली, पण कायद्याने बोलावता येणारी माणसं. साधी सक्तीची भरती लावली तर लोकसंख्येच्या अडीच टक्के, कायदा कडक करत नेला तर पाच, दहा, वीस, शेवटी पंचवीस. फिनलंडची वस्ती ३७ लाखांच्या आसपास, म्हणजे अडीच टक्क्यांनी नव्वद हजारांवर थोडे. पायदळाच्या एका बटालियनला हजार माणूस लागतो. नऊ बटालियनची एक, अशा दहा डिव्हिजन उभ्या केल्या की डबा रिकामा. त्याला 'भरतीची शिल्लक' लिहिलंय.
कालची ओळ अशी झाली: शिल्लक १,४००. पटावर ८८,०००. गळती ६,२००. पैकी रुजू ९००.
'पाडाव'चा रकानाही आखला होता, सातारकर, पण तो भरणार नाही. वेढ्यात सापडलेली डिव्हिजन या खेळात सबंध पुसली जाते, कैदी वगैरे काही मोजत नाहीत. तिथे नुसती आडवी रेघ मारलीय.

दवाखानावाली:
६,२०० मधले ९००च? अहो, आणखी डिव्हिजनांना हॉस्पिटल लावा आधी. शब्द काय, मिळत राहतील.