तासापेक्षा काम
जीवनकौशल्यांसाठी शाळेत आठवड्याला एक तास वाढवावा, अशी एक सूचना आहे; तिला माझी हरकत नाही. मात्र नुसत्या तासाने फारसे साधेल असे वाटत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात मुले वेल्डिंगपासून शेतीपर्यंतची कामे प्रत्यक्ष करून शिकतात, आणि जोड कच्चा राहिला तर तो परीक्षकाआधी वापरणाऱ्यालाच कळतो. प्रौढांचेही तेच. आमच्या बचत गटात यूपीआयवर तासभर बोलून जे उमगले नाही, ते बायकांनी एकमेकींना एकेक रुपया पाठवताच उमगले: पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. पुढे ‘पैसे जमा व्हायला पिन टाका’ म्हणणाऱ्याचा फोन गटातल्या एका आजींनी स्वतःहून कापला.