मदत हवी आहे: शेवटचा मतदार बटण न दाबताच निघून गेला, तर मतदान यंत्राचं (ईव्हीएम) कंट्रोल युनिट ‘क्लोज’, म्हणजे मतदान संपवून बंद, कसं करायचं?

नमस्कार. मी शाळेत शिकवते. पोटनिवडणुकीसाठी पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष म्हणून आदेश आलाय आणि एका शंकेने झोप उडाली आहे.

मागच्या विधानसभेला मी मतदान अधिकारी ३ होते, म्हणजे कंट्रोल युनिट माझ्यापुढे. दुपारी एक आजी आल्या. सही झाली, शाई लागली, मी एका मताची परवानगी देणारं ‘बॅलट’ बटण दाबलं, बिझीचा लाल दिवा लागला. आजी कप्प्यात गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. मत पडल्याचा बीप नाही. आम्ही थांबवलं, समजावलं, पण “मला नाही कुणाला द्यायचं” म्हणून त्या गेल्या. आमच्या केंद्राध्यक्ष सरांनी पुढच्या मतदाराला तसंच आत पाठवलं, मला पुन्हा ‘बॅलट’ दाबू दिलं नाही. त्याचं मत पडलं, बीप आला, रांग पुढे सरकली.

पण हेच शेवटच्या मतदाराने केलं तर? मागे कुणी नाही, बिझी दिवा चालू. प्रशिक्षणात मी मुद्दाम तसं करून पाहिलं. दिवा चालू असताना ‘क्लोज’ दाबलं, काहीच झालं नाही. विचारेपर्यंत मशीन पुढच्या टेबलावर गेलं होतं.

शिवाय रजिस्टरात (१७-ए) सही आहे आणि मशीनमध्ये मत नाही. टोटल एकने कमी येणार. १७-सी (मतांच्या हिशेबाचा नमुना) ची प्रत उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींच्या हातात द्यायची असते, मतमोजणीला ते तीच पुढे धरतात. त्या एका मताचा हिशेब मला नीट मांडता आला नाही, तर गावाने का विश्वास ठेवावा? कृपया ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद १
मॅडम, मी तीन निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो. तुमच्या सरांनी केलं ते बरोबर. ‘बॅलट’ एकदा दाबलं की मशीन एका मताची वाट पाहतं, ते मत पडेपर्यंत ‘क्लोज’ चालत नाही.

शेवटचा मतदार असेल तर कंट्रोल युनिटचा पॉवर ऑफ करा, व्हीव्हीपॅटची (मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) केबल कंट्रोल युनिटमधून काढा, मग पॉवर ऑन. बिझी दिवा गेलेला असेल आणि ‘क्लोज’ चालेल. केबल काढताना पॉवर बंदच हवा, यात घाई नको. हे सगळं प्रतिनिधींच्या डोळ्यांसमोर करा आणि केंद्राध्यक्षांच्या डायरीत लिहा.

प्रतिसाद २
हिशेबाचं सांगते. १७-ए मध्ये त्या मतदाराच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात मत द्यायला नकार दिल्याचं केंद्राध्यक्षांनी लिहायचं आणि त्या शेऱ्यापुढे मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा. अनुक्रमांक खोडायचा किंवा बदलायचा नाही. १७-सी मध्ये सही करूनही मत न देणाऱ्यांसाठी (नियम ४९-ओ) वेगळी ओळ आहेच. समजा रजिस्टरात ७१२ सह्या, नकार १, तर मशीनची टोटल ७११. ताळा जुळला. ‘नोटा’ मात्र यात धरू नका. नोटाचं बटण दाबलं की ते मत मशीनमध्ये मोजलं जातं, त्याची चिठ्ठीही व्हीव्हीपॅटच्या काचेत ७ सेकंद दिसते.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. एकच भीती उरली. भरलेल्या मशीनचा पॉवर बंद केला तर आधीची मतं जाणार नाहीत ना?

प्रतिसाद १
नाही. बॅटरी काढली तरी मतं मेमरीत राहतात. पुसायचं ‘क्लिअर’ बटण आतल्या कप्प्यात असतं. सकाळी मॉक पोल (चाचणी मतदान) पुसून झाला की तो कप्पा तुम्हीच हिरवी कागदी मोहोर लावून बंद करता, आणि तिच्यावर प्रतिनिधींच्याही सह्या घेता. पॉवर चालू केल्यावर बिझी दिवा गेला की ‘टोटल’ दाबून आकडा सगळ्यांना दाखवा.